शब्द कुठे गेले?

परभणी जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेथील स्नेहसंमेलनात दोन वर्षांपूर्वी एक लहानसा प्रसंग घडला. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने स्वतः रचलेले रॅप सादर केले. मुलगी गंगाखेड तालुक्यातली. आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. ही आजीजवळ राहून शिकली. रॅपमध्ये तिने तीच हकिगत मांडली होती : मुकादमाची गाडी, आगाऊ घेतलेली उचल, नवराबायकोच्या जोडीला मिळणारे ‘कोयता’ हे नाव, आणि मागे राहिलेल्या घरातली थंड चूल. मजकूर मी आधी वाचला होता. तो वाचून झाल्यावर मला वर्गात जायला पाच मिनिटे उशीर झाला, एवढेच सांगतो.

सभागृहात मात्र कोणालाच काही कळले नाही. धडाधड ठोके वाजले, तिचे ओठ हलताना दिसले, मागच्या बाकांवरून हशा आला आणि तीन मिनिटांत सारे संपले.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली. म्हणाली, “सर, मी सगळं म्हटलं हो. एक शब्दसुद्धा विसरले नाही. मग माझे शब्द गेले कुठं?”

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न रडवेल्या आवाजात विचारलेला असला तरी तो पदार्थविज्ञानाचा आहे. ध्वनी ही ऊर्जा. ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्हीही शिकला आहात. तेव्हा शब्द कुठेतरी गेलेच असले पाहिजेत. आम्ही दोघांनी त्यांचा माग काढायचे ठरवले. तो काढता काढता आम्ही जात्यापाशी, डफापाशी आणि थेट न्यूयॉर्कच्या एका गल्लीपर्यंत जाऊन पोहोचलो. तीच हकिगत आज सांगणार आहे.

प्रथम रॅप म्हणजे काय ते पाहू. तुमच्यापैकी अनेकांना ते माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल, शिक्षकांसाठी सांगतो. रॅपमध्ये शब्द गायचे नसतात, ठोक्यावर बोलायचे असतात. चार ठोक्यांचे एक आवर्तन. प्रत्येक ठोक्याचे पुन्हा चार भाग. म्हणजे एका आवर्तनात सोळा जागा, आणि प्रत्येक जागेवर फार तर एक अक्षर बसवता येते. सगळ्या जागा भरायच्या नसतात. कोणती भरायची, कोणती रिकामी सोडायची आणि यमक कोणत्या जागी आणायचे, यातच रॅप करणाऱ्याचे कसब असते. आपल्याकडच्या तबलावादकाला हे नव्याने समजावून सांगावे लागणार नाही.

आमच्या विद्यार्थिनीने मिनिटाला १०० ठोक्यांची लय निवडली होती. एक ठोका ०.६ सेकंदाचा, त्याचा चौथा भाग ०.१५ सेकंदाचा. तिने जवळजवळ सर्व सोळा जागा भरल्या होत्या, म्हणजे सेकंदाला साडेसहा अक्षरे. आपण साधारण बोलतो तेव्हा सेकंदाला पाचएक अक्षरे उच्चारतो. तेव्हा ती फार वेगात बोलत होती असेही नाही. आठदहा अक्षरांपर्यंत जाणारे रॅपर आहेत आणि त्यांचे शब्द ध्वनिमुद्रणात स्वच्छ ऐकू येतात. मग गडबड कुठे झाली?

गडबड सभागृहात होती. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंतींना गुळगुळीत गिलावा. आम्ही टेपने मापे घेतली : लांबी २० मीटर, रुंदी १२, उंची ५, घनफळ १२०० घनमीटर. खिडक्यादारे बंद करून मधोमध उभे राहून एक टाळी वाजवली आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. टाळी क्षणात वाजली, पण तिची शेपटी चार सेकंदांहून अधिक काळ रेंगाळली. भिंतीवरून छतावर, छतावरून फरशीवर असा ध्वनी आपटत राहतो आणि दर आपटण्यात थोडाथोडा शोषला जातो. याला निनाद म्हणतात. प्रतिध्वनी वेगळा, तो सुटा ऐकू येतो. निनादात हजारो प्रतिध्वनींचा एकच गिचका झालेला असतो.

हा गिचका मोजण्याची रीत एका तरुण प्राध्यापकाने शोधून काढली. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले होते आणि त्यात व्याख्यात्याचे एक वाक्य धड कळत नव्हते. वॉलेस सेबिन यांच्याकडे ते काम आले. त्यांनी ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या एवढ्या सामग्रीवर रात्री जागून प्रयोग केले. रात्री, कारण दिवसा रस्त्यावरचा गोंगाट असे. गाद्या आत आणाव्यात, निनाद किती वेळ टिकतो ते मोजावे, आणखी गाद्या आणाव्यात, पुन्हा मोजावे. त्यातून जे सूत्र निघाले ते तुमच्या आवाक्यातले आहे : निनादकाल बरोबर ०.१६ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण. शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात. एक चौरस मीटरची उघडी खिडकी म्हणजे एक एकक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आमच्या रिकाम्या सभागृहाचे एकूण शोषण ४० धरले, तर निनादकाल ४.८ सेकंद येतो. संमेलनाच्या दिवशी दीडशेएक श्रोते होते. बसलेला माणूस आपल्या कपड्यांसह सुमारे ०.४ चौरस मीटर शोषण करतो, म्हणजे आणखी ६०. एकूण १००, निनादकाल १.९ सेकंद. (हुशार विद्यार्थ्याने इथे विचारावे, की पूर्ण भरलेल्या सभागृहात शब्द अधिक स्पष्ट कळतील का? होय. श्रोता नुसता ऐकत नाही, तो निनाद पितोही.)

निनादकाल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहा लाखांश होण्यास, म्हणजे ६० डेसिबलने खाली येण्यास लागणारा वेळ. १.९ सेकंदात ६०, तर ०.१५ सेकंदात सुमारे ४.७ डेसिबल. म्हणजे तिने एक अक्षर उच्चारले आणि पुढचे अक्षर आले तेव्हा आधीच्याची एकतृतीयांश ऊर्जा हवेत तशीच शिल्लक होती. त्याच्या आधीच्याचीही काही, त्याच्याही आधीच्याची थोडी. आता हे ध्यानात घ्या की आ, ओ, ई हे स्वर जोरकस असतात. त, क, स, च ही व्यंजने त्या मानाने अगदी दुबळी. ‘उचल’मधला ‘च’ आला तेव्हा मागच्या शब्दातला ‘आ’ अजून खोलीत फिरत होता. त्याने ‘च’ला गिळून टाकले.

त्यात भर ध्वनिवर्धकाची. यंत्र चालवणाऱ्या मुलाने ठोक्यांचा खर्ज हौसेने वाढवला होता. ढोलाचा खर्ज ५० ते १०० हर्ट्झचा, व्यंजनांची ओळख पटते ती साधारण २००० हर्ट्झच्या वर. आपल्या कानाची एक खोड अशी, की मोठा खर्ज आवाज बारीक आवाजाला झाकतो. उलट मात्र फारसे घडत नाही. शब्द कुठे गेले याचे उत्तर असे मिळाले : काही निनादात बुडाले, काही ढोलाखाली दबले.

ती म्हणाली, “म्हणजे चूक माझी नव्हती.” मी म्हणालो, “सगळी नव्हती.” उरलेली चूक कोणती, ते मला सांगता आले नसते. ते तिच्या आजींनी सांगितले.

एका रविवारी मी तिच्या गावी गेलो. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, गोदावरीच्या काठचे. जनाबाई आणि जाते ही जोडी मराठी माणसाच्या मनात इतकी पक्की बसली आहे, की दळण म्हटले की ओवी आठवतेच. आजींच्या घरी जाते अजून आहे. दळण गिरणीतून येते, पण डाळ भरडायला तेच काढतात. मी मोबाइलवर वेळ लावली आणि आजींना ओव्या म्हणत दळायची विनंती केली. वीस फेऱ्यांना ३४ सेकंद लागले. एक फेरी १.७ सेकंदाची.

येथे थोडे गणित करू. वरचा दगड अंदाजे २० किलोचा, त्रिज्या २० सेंटिमीटर. या वेगाने फिरताना त्याच्यात साठलेली ऊर्जा सुमारे २.७ ज्यूल भरते, म्हणजे एक किलोचे वजन जेमतेम २८ सेंटिमीटर उचलण्याइतकी. दोन दगडांमध्ये दाणे भरडले जात असताना ही शिल्लक एक फेरीसुद्धा पुरत नाही. खुंट्यावरचा हात क्षणभर ढिला पडला की जाते थांबते. म्हणून दळणारीला गाण्यात मनाला येईल तेथे थांबता येत नाही. दगड फिरेल तसा श्वास, आणि श्वास असेल तशी ओळ. ओवीची लय कोणी छंदशास्त्राच्या पुस्तकातून उचललेली नाही, ती दगडाच्या फेरीने घालून दिली आहे.

आता एक गंमत सांगतो. रॅपचा जन्म न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्स भागात झाला असे मानतात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक रस्त्यावरच्या एका इमारतीत कूल हर्क या तरुणाने एका घरगुती मेळाव्यात गाण्यांच्या तबकड्या वाजवल्या. गाण्यात जिथे गायक थांबतो आणि नुसता ताल वाजतो, तो तुकडा नाचणाऱ्यांना आवडतो हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटूनपालटून वाजवीत राही. त्या अखंड तालावर बोलता बोलता रॅप तयार झाले. मोठी तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एकतृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. आजींचे जाते १.७! हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून सिद्धांत काढू नका. पण दोन्हीकडे एक गोल वस्तू फिरते आहे, माणूस तिच्यावर हात ठेवून आहे आणि तिच्या फेऱ्यावर आपल्या जिण्याची गोष्ट सांगतो आहे, हे खरे.

आजींच्या ओव्यांची अक्षरे मी मोजली. सेकंदाला दोनअडीच, ती लांबवलेली. आमच्या त्या सभागृहात सेकंदाला दोन अक्षरे म्हटली असती तर? अर्ध्या सेकंदात ध्वनी साडेपंधरा डेसिबलने उतरतो. पुढचे अक्षर येईपर्यंत आधीच्याची केवळ छत्तिसावा हिस्सा ऊर्जा उरते. म्हणजे पत्र्याखालीही ओवी कळली असती.

नातीने आपले रॅप आजींना म्हणून दाखवले, ढोलाशिवाय. आजींनी ते लक्ष देऊन ऐकले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “लई घाई करतीस गं. वैरण येकदम कोंबली की भरडाच निघतो, पीठ न्हाई निघत.”

जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य टाकतात त्याला वैरण म्हणतात. सोळाच्या सोळा जागा भरणे म्हणजे वैरण कोंबणे. हीच ती उरलेली चूक.

गोष्ट सांगण्याच्या दृष्टीने ओवी, पोवाडा आणि रॅप यांच्या रीती पाहण्यासारख्या आहेत. ओवी एका वेळी एकच चित्र दाखवते. दोन ओळींत एक भाव पुरा होतो. त्यांची माळ झाली की गोष्ट होते. सीतेचा वनवास बायकांनी असाच तुकड्यातुकड्यांनी सांगितला आणि त्यात आपला वनवास मिसळला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगाव फिरून अशा जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. त्यात आपल्या जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. शक्य असेल त्यांनी तो जरूर ऐकावा. ध्वनिमुद्रण साधे आहे, पण एक अक्षर वाया जात नाही.

अभंगाची बांधणी आणखी घट्ट. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक. नमुना म्हणून मीच जुळवलेला हा तुकडा पाहा. कवी म्हणून मला कोणी ओळखत नाही, त्याचे कारणही कळेल :

पाणी घागरीत । पोर पायवाटी ।
ऊन लागे पाठी । चालू दे रे ॥

अक्षरे मोजा. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड का? तेथे श्वास घ्यायचा आहे. रिकामी जागा ठेवण्याची युक्ती आपल्या संतकवींना आठशे-सातशे वर्षांपूर्वीपासून ठाऊक होती.

आणि यमक कशासाठी? नुसते गोड लागते म्हणून नव्हे. गोंगाटात शब्द अर्धवट ऐकू आला तर ‘पायवाटी’नंतर ‘पाठी’ येणार हे मन आधीच ओळखते. यमकाने शक्य शब्दांची संख्या कमी होते आणि चुकलेला शब्द ऐकणाराच दुरुस्त करून घेतो. पाठांतरालाही तेच उपयोगी. मोरोपंतांनी यमकाचे इतके खेळ केले, की पुढचे लोक त्यांना हसले. पण आजचे रॅपर ओळीच्या शेवटी, मध्ये, दोन-दोन तीन-तीन अक्षरांचे यमक साधतात तेव्हा ते मोरोपंतांच्याच अंगणात खेळत असतात.

पोवाड्याची अडचण वेगळी होती. शाहीर उघड्या मैदानात उभा. तेथे निनाद नाही, पण आवाज पसरत जातो. अंतर आठपट झाले की तीव्रता चौसष्टावा हिस्सा. पाच मीटरवरच्या श्रोत्याला जे खणखणीत ऐकू येते, ते चाळीस मीटरवरच्या म्हातारीला पुसट. म्हणून शाहीर वरच्या पट्टीत, स्वर ताणून, एकेक शब्द फेकून म्हणतो. डफ जोरात वाजतो तो ओळींच्या मधल्या जागेत. शब्द चालू असताना थाप हलकी. मागचे झीलकरी ‘जी जी’ म्हणून सूर धरतात. ती काय नुसती शोभा आहे? आपण सहज श्वास घेतो तो अर्ध्या लिटरचा. खोल घेतला तर तीन ते पाच लिटर हवा बाहेर सोडता येते. पण तसा खोल श्वास घ्यायला वेळ लागतो. झीलकरी शाहिराला तो वेळ मिळवून देतात. आमच्या विद्यार्थिनीला बाराव्या ओळीला धाप लागली होती, कारण तिच्यामागे कोणी झीलकरी नव्हता.

डफ तापवताना तुम्ही पाहिला असेल. चामड्यातला ओलावा उडतो, ते ताणले जाते आणि सूर चढतो; ताण चौपट केला तर वारंवारता दुप्पट होते. पावसाळ्यात शाहिरांना शेकोटी जवळ लागते ती थंडीसाठीच नव्हे.

पोवाडा घटना क्रमाने सांगतो : माणसांची नावे, ठिकाणे, कोण काय बोलले. अफझलखानाच्या वधावरचा अग्निदासाचा पोवाडा १६५९ च्या त्या घटनेनंतर रचला गेला आणि उपलब्ध पोवाड्यांत तो फार जुना मानतात. अण्णाभाऊ साठे यांनी दूर रशियातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा केला. रॅपही तसेच गावाचे, गल्लीचे नाव घेऊन बोलते, आणि शाहीर जसा शेवटी आपले नाव गुंफतो तसे आपले नाव सांगते. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्यांच्या साथीदारांच्या ‘द मेसेज’ने शहरातल्या दारिद्र्याचे चित्र उभे केले, तेव्हा हे नुसते नाचायचे गाणे नाही हे जगाला कळले. आपल्याकडे मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’मधून आरेच्या जंगलाचा आणि तेथील आदिवासींचा प्रश्न मांडला.

एक मोठा फरक मात्र आहे, आणि तो पुन्हा पदार्थविज्ञानाचाच. ओवी कानाजवळची आहे, पोवाडा छातीच्या जोरावरचा आहे. रॅप हे ध्वनिक्षेपकाचे अपत्य आहे. ध्वनिक्षेपक ओठांपासून दोन बोटांवर असल्याने हळू आवाजात, खालच्या पट्टीत, भराभर बोलता येते. ते यंत्र मोठे करते. म्हणून रॅप करणाऱ्याने शाहिरापेक्षा यंत्राचे आणि खोलीचे शास्त्र अधिक जाणले पाहिजे, असे माझे मत आहे. मुले ते जाणत नाहीत, कारण आपण शिक्षक ‘ध्वनी’ हा धडा दोलक आणि स्वरकाटा यांवरच संपवतो.

पुढचे दोन आठवडे ती रोज संध्याकाळी प्रयोगशाळेत येई. लय १०० वरून ८० वर आणली. एका आवर्तनात सोळाऐवजी दहा-अकरा अक्षरे ठेवली. सोळा आवर्तनांचे कडवे आता ४८ सेकंदांचे झाले आणि त्यातले अर्धे विशेषण गेले. ते गेल्याचे कोणालाही वाईट वाटले नाही. यमक ठोक्यावर आणले आणि यमकानंतर अर्धा ठोका मोकळा सोडला. चार ओळींनंतर तिच्या दोन मैत्रिणींनी एक शब्द लांबवून धरायचा, झीलकऱ्यांचे काम. त्यातल्या या ओळी तिच्या परवानगीने देतो :

मुकादमाची गाडी आली, उचल हाती देऊन गेली,
आई कोयत्यामागं गेली, चूल आमची थंड झाली.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आम्ही कार्यक्रम सभागृहात न ठेवता आवारातल्या लिंबाच्या झाडाखाली ठेवला. झाडाखाली निनाद नसतो. ध्वनिवर्धकाचा खर्ज मी स्वतः कमी केला आणि त्या मुलाला यंत्राला हात लावू दिला नाही. श्रोत्यांत आजी पहिल्या रांगेत होत्या. या वेळी कोणी हसले नाही. संपल्यावर टाळ्या पडायलाही जरा वेळ लागला.

तिचे आईवडील त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर होते. मैत्रिणीने केलेले ध्वनिमुद्रण रात्री त्यांना पाठवले. मोबाइलचा ध्वनिक्षेपक बोटाच्या पेराएवढा; तो १०० हर्ट्झचा खर्ज जवळजवळ काढूच शकत नाही. कोपीत बसून आईने ते दोनदा ऐकले आणि फोन केला. शब्द सगळे कळाले म्हणाल्या, शेवटचेसुद्धा. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “पण मागं ते टकटक काय वाजतंय गं, कुणी दार वाजवत होतं का?”